त्र्याण्णवचं पेट्रोल

७ ऑक्टोबर १९९०, रविवार

हेड परत घासून आणलं. दुसऱ्यांदा. इंजिनाच्या डोक्याचं आता किती शिल्लक राहिलंय कोण जाणे. घासून घेणाऱ्याच्या डोक्यात मुळात किती होतं, तेही कोणाला ठाऊक नाही.

सकाळी सातला गेलेला सुभाष दोन वाजता गॅरेजमधून आला. हात काळे, तोंड उजळलेलं. म्हणाला, "मनो, कॉम्प्रेशन नऊच्या वर गेलं." शेजारची मुलगी बारावीला नव्वदच्या वर गेली तेव्हा तिचा बापसुद्धा इतका फुलला नव्हता.

गाडी चौऱ्याहत्तरची फियाट. मालाडच्या एका डॉक्टरांकडून घेतली. डॉक्टरांनी ती सोळा वर्षं चाळीसच्या स्पीडने चालवली. गाडी सुखात होती. आमच्याकडे आली आणि तिच्या नशिबी उत्तम मिस्त्री आला. याचं काशिमिऱ्याला हायवेवर गॅरेज आहे. त्याने दोन कार्बोरेटर बसवले, सायलेन्सर बदलला, हेड घासलं. आता गाडी सुरू केली की तिसऱ्या मजल्यावर आमच्या कपाटातले पेले वाजतात.

आणि हा माझा नवरा दिवसभर विमा कंपनीत बसून लोकांचे मोटार अपघाताचे दावे नामंजूर करतो. 'गाडीत मालकाने बेकायदा बदल केल्यामुळे' हे वाक्य त्याने स्वतः शेकडो वेळा टाईप करून घेतलं असेल.

९ ऑक्टोबर

गाडी ठोके द्यायला लागली. खालून हंसाबेन म्हणाली, "मनोरमाबेन, तुमची गाडी को खांसी हो गई क्या?"

१३ ऑक्टोबर, शनिवार

आज मला ऑक्टेन म्हणजे काय ते शिकवण्यात आलं.

मला. अकरा वर्षं घाटकोपरच्या लॅबमध्ये पेट्रोलचं ऑक्टेन काढायच्या मशीनवर बसणाऱ्या बाईला. एका सिलिंडरचं इंजिन आहे आमचं. त्यात नमुन्याचं पेट्रोल घालायचं, दाब वाढवत न्यायचा, आतले ठोके कधी सुरू होतात ते काट्यावर बघायचं. शेजारी आकडा माहीत असलेलं पेट्रोल ठेवायचं आणि जुळवायचं. पंपवाले नमुने पाठवतात, आम्ही आकडा लिहून देतो. पंपवाला ते सर्टिफिकेट फ्रेम करून देवाच्या फोटोशेजारी लावतो.

सुभाषने पेपरच्या कडेला बॉलपेनने सिलिंडर काढला. खाली पिस्टन. "हे बघ मनो, ऑक्टेन जितकं जास्त तितकी पेट्रोलमध्ये ताकद जास्त. कळलं?"

म्हटलं, ताकद नाही रे. सहनशक्ती. जास्त दाबलं तरी वेळेआधी भडकायचं नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. तू हेड घासून दाब वाढवलास, साधं सत्त्याऐंशीचं पेट्रोल तो सोसत नाही, म्हणून ठोके. त्र्याण्णवचं घाल आणि उत्तमला ठिणगीचं टायमिंग थोडं मागे घ्यायला सांग.

"उत्तम म्हणतो टायमिंग मागे घेतलं तर पिकअप जाईल."

"उत्तम किती शिकलाय?"

"तुझं लॅबमधलं वेगळं गं. रस्त्यावरचं वेगळं."

वरण वाढलं. जास्त ऑक्टेन घरात एका माणसाला तरी हवंच.

२१ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी झाली. शालू-पैठण्या परत ठेवायला कपाट उघडलं तर डांबरगोळ्या गायब. तिन्ही खणांतल्या.

सुभाष म्हणाला, "टाकीत टाकल्या. ऑक्टेन वाढतं. क्लबमध्ये सगळे करतात."

क्लब म्हणजे मीरा रोड मोटर क्लब. सभासद नऊ, गाड्या चार, स्टॉपवॉच एक. ते ९ डिसेंबरला उत्तनच्या चढावर शर्यत घेणार आहेत. एकेक गाडी खालून वर सोडायची आणि वेळ मोजायचा. म्हणून ही सगळी तालीम.

गाडी रस्त्याने जाते तेव्हा आता मागे आजीच्या ट्रंकेचा वास येतो. ठोके आहेत तसेच आहेत.

३ नोव्हेंबर

पेट्रोल आखातातल्या भानगडीने महागलंय, आणि आमच्या बाल्कनीत आज त्याचा वीस लिटरचा डबा आलाय. निळसर पेट्रोल. उत्तमने 'खास ओळखीतून' मिळवलं म्हणे. विमानाचं. शंभर ऑक्टेन.

सुभाष डब्याकडे असा बघत होता, जसा तो माझ्याकडे एकदा दादरच्या बागेत बघत होता. तेव्हाही त्याला आत काय आहे त्याची कल्पना नव्हती.

६ नोव्हेंबर, मंगळवार

अर्धा लिटर बाटलीत घालून लॅबमध्ये नेलं. असं नेऊ नये, पण नेलं. दिवसाचे नमुने संपल्यावर आमच्या दत्तारामला म्हटलं, एवढं एक लावू या. तो घड्याळाकडे बघत म्हणाला, "मॅडम, हे कुठलं?" म्हटलं, विमानाचं. त्याने झाकण काढून हुंगलं. "विमान स्टोव्हवर चालतं का?"

एकोणऐंशी.

दोनदा लावलं. एकोणऐंशीच. रिक्षासुद्धा यावर कुरकुरेल.

७ नोव्हेंबर

सांगितलं. "तुमचं मशीन जुनं आहे," म्हणाला.

अकरा वर्षं. आणि उत्तमच्या शब्दाला अकरा आठवडे झालेत.

भांडी जरा जोरात ठेवली, तेवढंच.

११ नोव्हेंबर, रविवार

आज मात्र राहवलं नाही. पेपरचा कोरा तुकडा फाडला. एका बाजूला आपल्या गाडीतल्या साध्या पेट्रोलचे दोन थेंब, दुसऱ्या बाजूला विमानाचे. म्हटलं, बस इथे. चहा होईपर्यंत बघत राहा.

साधं पेट्रोल उडून गेलं. कागद कोरा. दुसरीकडे भज्यांच्या कागदासारखा तेलकट डाग. रॉकेल कधी उडत नाही इतक्यात.

सुभाषने कागद उजेडाला धरला, उलटा केला, परत सुलटा केला. चहा निवला. मग डबा उचलून खाली घेऊन गेला. उत्तमकडे काय झालं ते सांगितलं नाही. आल्यावर एवढंच विचारलं, "मग कुठून भरू?"

माझ्या नोकरीने जे झालं नाही ते रद्दीच्या तुकड्याने केलं. तरी सांगते, बरं वाटलं. लग्नाला चौदा वर्षं झाली, पेट्रोलबद्दल पहिल्यांदा मला कोणी काही विचारत होतं.

म्हटलं, हायवेला गुलाबी छपराचा पंप आहे ना, तिथे त्र्याण्णव मिळतं. त्यांचं सर्टिफिकेट आमच्याच लॅबचं. डोळे मिटून भर. आणि टायमिंग मागे.

"नक्की?"

"माझ्या शब्दावर."

१८ नोव्हेंबर

उत्तमने टायमिंग मागे घेतलं. तोंड वाकडं करून. सुभाष सांगत होता, घेताना तो म्हणाला, "साब, बीवी की सुनोगे तो गाडी भी बीवी जैसी चलेगी." म्हटलं, म्हणजे वेळेवर सुटेल आणि वेळेवर पोचेल.

२५ नोव्हेंबर

"मनो, सपाटीला बरी आहे. पण पाय जोरात दाबला की थोडी टिकटिक अजून येते गं. एकदा खाली येऊन बसतेस का गाडीत?"

पाण्याचा टँकर आला होता, सगळ्या बिल्डिंगच्या बादल्या रांगेत. म्हटलं, त्र्याण्णवला टिकटिक येत नाही. कान तपासून घे.

८ डिसेंबर, शनिवार

उद्या शर्यत. वजन कमी करायला मागची सीट काढली. स्टेपनी काढली. हँडब्रेकची केबलसुद्धा काढली. ती किती वजनाची असते? माझ्या पोळपाटाएवढी तरी असेल का?

म्हटलं, पोट पण ठेवून जा घरी. पाच किलो तिथेच निघतील.

टाकी गुलाबी पंपावर भरून आणली. पावती मला दाखवली. शाळेतली मुलं प्रगतिपुस्तक दाखवतात तशी.

९ डिसेंबर, रविवार

नीट लिहायला हवं.

सकाळी आठला उत्तनला पोचलो. मी क्लबच्या कोणाच्या तरी गाडीतून गेले, कारण आमच्या गाडीत माझंही वजन नको होतं. चढ सुरू होतो तिथे डाव्या हाताला कोळ्यांनी बोंबील सुकत घातलेले. बांबूच्या उभ्या-आडव्या मांडणीवर, जोडी जोडीने अडकवून. एक बाई ते फिरवत होती. तिचा नवरा, बाळाराम नाव, पागोळीचं जाळं उघडून बसला होता. त्याने आधीच विचारलं, "आमचा माल हाय रस्त्याला. गाड्या जोरात जातील तं काय?" क्लबचा सेक्रेटरी म्हणाला, काका, गाड्या वर जाणार आहेत, खाली नाही.

सुभाष तिसरा. हेल्मेट आमच्या मेहुण्याचं, स्कूटरचं. शिट्टी झाली, गाडी सुटली. सुटली तेव्हा चांगली सुटली. खोटं का लिहू, क्षणभर मला अभिमान वाटला.

पहिलं वळण घेतलं आणि आवाज बदलला. तो आवाज मी ओळखते. रोज ऐकते. लॅबमध्ये तो आला की मी दाब कमी करते. इथे दाब कोण कमी करणार होतं? पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज, मग एक ठोका मोठा, मग पांढरा धूर. गाडी थांबली. आणि मागे यायला लागली.

हँडब्रेक नव्हता. धुराने त्याला काही दिसेना. पायब्रेक त्याने दाबला, पण गाडी तेवढ्यात तिरकी होऊन सरळ बोंबलांच्या मांडणीत शिरली. बांबू काडीसारखे मोडले. ती बाई बाजूला उडी मारायला गेली आणि हातावर पडली.

शालू नाव तिचं. मनगट मोडलं. डावं.

सगळे पळत गेले. सुभाष दारातून बाहेर आला, खांद्यावर बोंबील लोंबत होते. एरवी मी यावर खूप हसले असते. बाळाराम बायकोला उचलता उचलता त्याच्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "पुढं जायाची गाडी हाय ना ही? मंग मागं का येते?"



भाईंदरला दवाखान्यात नेलं. प्लास्टर घातलं. सहा आठवडे. शालूबाई मला म्हणाली, "ताई, सीझन हाय आता. सहा हप्ते हात न्हाय तं मी काय करू?"

१० डिसेंबर

म्हटलं, खरं सांग. तू तो उत्तमचाच डबा ओतलास.

"नाही गं."

"त्र्याण्णववर असं होत नाही. टायमिंग मागे होतं. होऊच शकत नाही."

"मनो, तुझ्या शब्दावर गेलो. त्याच पंपावर भरलं. पावती दाखवली तुला."

"पावती कोणीही देतं."

तो उठून बाल्कनीत गेला. चौदा वर्षांत मी त्याला वेडा म्हटलंय, हट्टी म्हटलंय. खोटारडा पहिल्यांदा म्हटलं.

१३ डिसेंबर, गुरुवार

उत्तमने इंजिन उघडलं. तिसऱ्या पिस्टनला आठ आण्याच्या नाण्याएवढं भोक. कडा वितळलेल्या. सुभाष पिस्टन पिशवीत घालून घरी घेऊन आला आणि टेबलावर ठेवला. जेवताना दोघांच्या मध्ये तेच होतं.

उद्या टाकीतलं पेट्रोल काढून आणायला सांगितलंय उत्तमला. सुभाषला सांगितलं नाही. आकडा समोर ठेवते. मग बघू काय बोलतो.

१४ डिसेंबर

ब्याऐंशी.

वाटलं होतं तेच. दत्ताराम म्हणाला, "मॅडम, खूश दिसता." हो, होते. नवरा खोटा ठरला म्हणून खूश होते. इथे लिहायला हरकत नाही.

१६ डिसेंबर, रविवार

आकडा अजून त्याला सांगितला नाही. सकाळी सांगायचा होता, पण तो सहालाच बाहेर पडलेला. बसने. दुपारी हंसाबेन म्हणाली, "भाई को उत्तन में देखा मेरे बेटे ने. मच्छी लटका रहे थे."

पाठोपाठ गेले. खरंच होतं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सुभाष शालूबाईच्या मांडणीवर बोंबील अडकवत होता. नवे बांबू बाळारामने बांधलेले. शालूबाई प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून दगडावर बसली होती आणि बोलत होती, "असं न्हाय. तोंडात तोंड घालून अडकव. पडल न्हायतर." हा बिचारा जोडी लावत होता, अर्ध्या जोड्या खाली पडत होत्या.

बाळाराम मला म्हणाला, "परवा पण आलता. हापिसातून. काम येत न्हाय त्याला, पण येतो."

परवा. मी ज्या दिवशी लॅबमध्ये खूश होते, त्या दिवशी.

येताना बसमध्ये त्याच्या हातांना वास येत होता. आकडा सांगितला. म्हटलं, ब्याऐंशी निघालं. आता तरी कबूल कर.

खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मी पंपावर उभा राहून भरलं मनो. त्र्याण्णवच्या नळीतून. आणखी काय सांगू?"

असं खोटं बोलत नाहीत लोक. मला वाटतं. मला आता नक्की काही वाटत नाही.

१८ डिसेंबर, मंगळवार

अर्धा दिवस रजा टाकली. कॅन घेऊन स्वतः गेले. गुलाबी छप्पर. ऑफिसच्या काचेत आमच्या लॅबचं सर्टिफिकेट, शेजारी गणपती, अगरबत्ती. म्हटलं, त्र्याण्णव दोन लिटर. माझ्या डोळ्यांसमोर त्र्याण्णवच्या नळीतून दिलं.

तिथेच कागदावर थेंब टाकून बघितले. डाग नाही. रॉकेल घालण्याइतके हे अडाणी नाहीत, काहीतरी उडून जाणारं स्वस्त मिसळलंय.

तिथून थेट लॅब. दत्तारामने मशीन लावलं. मी काट्याकडे बघत उभी राहिले. तीनदा लावायला लावलं.

ब्याऐंशी. ब्याऐंशी. ब्याऐंशी.

सुभाष खरं बोलत होता.

१९ डिसेंबर, बुधवार

सर्टिफिकेटचं रजिस्टर काढलं. गुलाबी पंप, २४ सप्टेंबर, ऑक्टेन त्र्याण्णव. खाली माझी सही. त्या आठवड्यात आमचं मशीन बंद होतं, पार्ट यायचा होता. साहेब म्हणाले होते, नेहमीचं गिऱ्हाईक आहे, मागचाच आकडा टाका. मी टाकला. मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी सुभाषला सांगितलं. वाटलं, हसेल. हसायचा हक्क होता त्याला. तो हसला नाही. त्याने एवढंच विचारलं, "असे किती पंप, मनो?"